लंगडी, उड्या आणि आईचं मनगट : पाळी सुरू आहे तोवर हाडांसाठी काय करायचं?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिहिलेला मजकूर. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं. ऐकायचं असेल तर वरचं प्लेचं बटण दाबा, वाचायचं असेल तर खाली या.)

आज आवाजात थोडी पावसाची टपटप ऐकू येईल, कारण मी आज आमगावहून, आमच्या घरच्या मधल्या खोलीतून रेकॉर्ड करतेय. वर टिनाचं छप्पर आहे, त्यामुळे नॉइज कॅन्सलेशनने हात टेकले आहेत. चालवून घ्या.

नेहमी आपण कोड, करिअर, अॅप्स असं काहीतरी बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचंय हाडांबद्दल, आणि तेही बायकांच्या. मुलांनो, लगेच पुढे ढकलू नका. तुमच्या घरात आई आहे, बहीण आहे, उद्या बायको असेल. ऐका.

तर झालं काय, मागच्या वर्षी जुलैमध्ये, ऐन रोवणीच्या दिवसांत, आई ओसरीवरून घसरली. कुठून उंचावरून पडली नाही हं. ओल्या फरशीवर पाय सरकला, तिने पटकन हात टेकवला आणि मनगट मोडलं. आई तेव्हा ५२ वर्षांची. सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात. आमच्याकडे धानाची शेती, बांधीत पाणी भरलेलं, परे उपटून तयार, आणि घरातली मुख्य बाई एका हाताने भाकरीसुद्धा थापू शकत नाही. मी पुण्याच्या कंपनीकडून वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि घरी आले.

जिथे प्लास्टर घातलं तिथे कोणी एवढंच म्हणालं, "पडल्यावर हाड मोडतंच." विषय संपला. पण आईच्या डोक्यातून विषय गेला नव्हता. एक दिवस मी खुर्चीत बसून मीटिंग करत होते. ती संपल्यावर ती म्हणाली, "काय वो, मी त दिवसभर कामच करतो. बसून राहतेस तू. मंग हाड माह्यं काऊन मोडलं?"

मला उत्तर देता आलं नाही. बीटेक केलंय, पण शाळेनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. मग मी जे एरवी करते तेच केलं : शोधायला बसले. आणि शोधता शोधता कळलं, की आईच्या प्रश्नाइतकाच मोठा प्रश्न माझा स्वतःचा आहे. मी २८ वर्षांची आहे. माझी हाडं आत्ता, या वयात, काय करतायत?

हाड म्हणजे दगड नाही

आपल्याला वाटतं हाड म्हणजे घराचा पिलर. एकदा भरला की झालं. तसं नाहीये. हाड जिवंत आहे. त्यात एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवं हाड भरतात. हे बॅकग्राउंडला अखंड चालू असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो.

आता कुठे काढायचं आणि कुठे भरायचं, हे ठरवतं कोण? हाडाच्या आतच बारीक बारीक पोकळ्यांत बसलेल्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी. त्यांना सेन्सर म्हणा. हाडावर जोर आला की हाड अगदी केसभर वाकतं, आतला द्रव हलतो, आणि ते या सेन्सरना कळतं. "इथे लोड येतोय, इथे मजबूत करा." लोड येत नसेल तर उलट निरोप : "इथलं काढून टाकलं तरी चालेल." युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच हे मांडलं होतं, की हाडाची रचना त्याच्यावर येणाऱ्या भारानुसार बदलते. अंतराळवीरांचं उदाहरण घ्या. तिकडे वजनच जाणवत नाही, त्यामुळे व्यायाम केला नाही तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होत जातं.

आणि उलट उदाहरण टेनिसचं. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले. ज्या हातात रॅकेट, त्या हाताचं हाड जास्त भरलेलं. बाई तीच, जेवण तेच, हार्मोन तेच. फरक फक्त माराचा. हा अभ्यास १९९५ साली छापून आला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा त्याच सुमारास ज्या खेळायला लागल्या, त्यांच्या दोन हातांतला फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट होता.

म्हणजे शाळेतल्या मुलीला "आता मोठी झालीस, मैदानात उड्या मारू नको" असं आपण नेमकं त्या वर्षी सांगतो, ज्या वर्षी तिच्या हाडांना त्या उड्यांचा सगळ्यात जास्त फायदा होणार असतो. मला सातवीत सांगितलं होतं. तुम्हालाही सांगितलं असेल.

हाडाला काय ऐकू येतं?

आता इथे मला माझ्या धंद्यातली उपमा द्यावीच लागेल. हाडाच्या सेन्सरला थ्रेशोल्ड असतो आणि रेट लिमिट पण असते.

थ्रेशोल्ड म्हणजे, हळूहळू, रोजच्या सवयीचा भार आला तर तो लक्षच देत नाही. त्याला जोरात, झटकन आणि थोडा वेगळा भार लागतो. चालताना पायावर आपल्या वजनाइतका किंवा थोडा जास्त जोर येतो. जागच्या जागी छोटी उडी मारून खाली आलं की साधारण तिप्पट. म्हणून फक्त चालण्याने हृदयाला, शुगरला फायदा होतो, पण चालत्या-फिरत्या तरुण बाईच्या हाडात त्याने फारशी भर पडत नाही. पोहणं आणि सायकलिंग हे तर झकास व्यायाम, दम वाढवतात, पण हाडांवर आपटण्याचा भार येतच नाही. त्यामुळे नुसती सायकलच चालवणाऱ्या खेळाडूंची हाडं कित्येकदा धावणाऱ्यांपेक्षा विरळ निघतात.

आणि रेट लिमिट? १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन या दोन संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर मोजून-मापून भार दिला. दिवसाला फक्त ३६ वेळा भार दिला तरी हाड वाढलं. त्याहून कितीतरी पट जास्त वेळा दिला तरी त्या मानाने जास्त वाढलं नाही. म्हणजे थोड्या वेळाने हाड ऐकायचं थांबतं. मध्ये विश्रांती दिली की पुन्हा ऐकायला लागतं.

थोडक्यात, हाडाला तास-तास घाम गाळणं नको असतं. त्याला थोडे, जोरदार, नवे धक्के हवे असतात, मध्ये थांबून थांबून.

पाळी सुरू असलेल्या बायकांवर काय करून पाहिलंय?

आता मुद्द्यावर येते. हे सगळं पक्ष्यात नि खेळाडूंत ठीक. पण तिशी-चाळिशीतल्या, ऑफिसात बसणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या साध्या बायकांचं काय?

पहिला प्रयोग फिनलंडचाच, १९९६ मध्ये छापलेला. ३५ ते ४५ वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या ९८ बायका. अर्ध्या जणींना १८ महिने, आठवड्यातून तीनदा, उड्या आणि पायऱ्यांचे जोरदार व्यायाम. खुब्याच्या मानेचं हाड, म्हणजे म्हातारपणी पडल्यावर जे मोडतं तेच, व्यायाम करणाऱ्यांत १.६ टक्के वाढलं, न करणाऱ्यांत ०.६ टक्के.

दुसरा इंग्लंडचा, १९९८ चा. हा मला सगळ्यात जास्त लागला. रोज ५० उड्या, आठवड्यातून सहा दिवस. उडी किती उंच? जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे मोबाईलच्या उंचीच्या निम्मी. पाळी सुरू असलेल्या बायकांचं खुब्याचं हाड पाच महिन्यांत २.८ टक्के वाढलं. तोच व्यायाम पाळी थांबलेल्या बायकांना दिला. वर्षभर. फरक पडला नाही.

पुन्हा ऐका. उडी तीच, आकडा तोच. एका गटाचं हाड ऐकतं, दुसऱ्याचं ऐकत नाही. कारण इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन. ते असतं तोवर हाडाचं कुरतडणं आटोक्यात राहतं आणि भार आला की भरणं नीट चालतं. पाळी थांबली, इस्ट्रोजेन घसरलं, की पहिल्या काही वर्षांत दरवर्षी एक-दोन टक्के हाड जातं, मणक्यांत त्याहूनही जास्त.

आणि तिसरा प्रयोग ऐकून तर मी हसलेच. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाचा, २०१० चा. बायकांना सांगितलं, एकाच पायावर ५० वेळा उड्या मारा. दुसऱ्या पायावर नाही. म्हणजे काय? लंगडी! सहा महिने लंगडी घालायची. काही जणींनी आठवड्यातून दोनदा, काहींनी चारदा, काहींनी रोज. रोज लंगडी घालणाऱ्यांच्या त्याच पायाच्या खुब्याचं हाड दुसऱ्या पायापेक्षा पुढे गेलं. आपल्या अंगणातला खेळ, आणि मी तो कळायला इंग्लंडचा पेपर वाचला.

आता कोणी म्हणेल, दोन-अडीच टक्क्यांत काय मोठं? बरोबर आहे, आकडा छोटा आहे, मी फुगवून सांगणार नाही. पण पुढे जे दरवर्षी एक-दोन टक्के जाणार आहे, त्याच्यासमोर ठेवून बघा. आणि पाय, मांड्या मजबूत झाल्या, तोल सुधारला, तर मुळात पडणंच कमी होतं. तो फायदा वेगळा. मात्र एक अट आहे. हे पीएफसारखं नाही, की टाकलं आणि विसरलं. अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात वर्षभर व्यायाम करून मग सहा महिने थांबलेल्या बायकांची कमाई परत गेली. चालू ठेवलं तरच टिकतं.

मग आईचं काय चुकलं?

आता आईच्या प्रश्नाकडे. तिचं काही चुकलं नाही, हे आधी सांगते.

रोवणीत बाई काय करते? कमरेत वाकून, चिखलात, मागे सरकत, आठ-आठ तास. कंबर मोडते, पण हाडाला धक्का बसत नाही. चिखलात तर पाय अलगदच पडतो. डोक्यावर भारा उचलते, त्याचा भार हाडाला मिळतो, नाही असं नाही. पण तो भार तोच, वर्षानुवर्षं सवयीचा.

आणि दुसरी गोष्ट, हाड भरायला माल लागतो. नुसती ऑर्डर देऊन घर बांधलं जात नाही, सिमेंट पोचावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातल्या, ३० ते ६० वयाच्या २८९ बायकांची हाडं तपासली. २००५ मध्ये ते छापून आलं. या बायकांना दिवसाला सरासरी फक्त २७० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत होतं आणि हाडं विरळ होती. आता आपल्याकडे मोठ्या बाईसाठी शिफारस आहे १००० मिलिग्रॅमची. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे ताटात भाताचा डोंगर असतो, आणि तांदळात कॅल्शियम नावालाच. दूध आलं तर ते चहात, किंवा माझ्या भावाच्या ग्लासात. हे मी आईला विचारलं तेव्हा ती नुसती हसली.

तिसरी गोष्ट, आईची पाळी ४५ च्या आधीच थांबली होती. भारतात बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास थांबते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याला मिळणारी वर्षंच कमी. आणि काही बायकांची तर ती वर्षं काढूनच घेतली जातात. बीडच्या ऊसतोड महिलांचं प्रकरण आठवतंय? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२ हजारांवर महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं, तर त्याच दिवशी पाळी थांबल्यासारखं होतं, तिशीत असली तरी. पाळीची कटकट गेली असं सांगितलं जातं. हाडांचं कोणी सांगत नाही. तुमच्या ओळखीत कोणाला "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू देऊ नका.

पहाटे देवरी रोडवर धावणाऱ्या मुली

आणखी एक गोष्ट सांगायचीच आहे. पहाटे पाचला आमच्याकडे देवरी रोडवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना दिसतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. धावणं, लांब उडी, गोळाफेक, हाडांसाठी याहून चांगलं काय? पण त्यातली एक मला म्हणाली, "ताई, चार महिने झाले पाळीच नाही आली. बरंच झालं, प्रॅक्टिस बुडत नाही."

नाही गं, बरं नाही. खूप धावायचं आणि त्या मानाने खायचं कमी, असं झालं की शरीर पाळी बंद करतं. म्हणजे इस्ट्रोजेन कमी. म्हणजे विशीतल्या मुलीच्या हाडात पन्नाशीतल्या बाईसारखा प्रकार. नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो, मुलगी "शिन दुखतंय" म्हणून मलम चोळत बसते. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जा. आणि धावायच्या आधी-नंतर पोटभर खा. रिकाम्या पोटाच्या व्यायामाने हाड बनत नाही.

मी काय करते, तुम्ही काय करू शकता

मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. माझं रूटीन सांगते, त्यातलं पटेल ते घ्या.

सकाळी ब्रश झाल्यावर १० ते २० उड्या, रात्री जेवायच्या आधी तेवढ्याच. प्रत्येक उडीनंतर थोडं थांबते, तीसेक सेकंद. अमेरिकेत २०१५ मध्ये २५ ते ५० वयाच्या बायकांवर असंच करून पाहिलं होतं आणि चार महिन्यांत खुब्याच्या हाडात थोडा पण चांगला फरक दिसला. पहिले दोन आठवडे मी उड्या मारल्याच नाहीत, फक्त टाचा उचलून धप्पकन खाली. मग छोट्या उड्या. मग लंगडी, दोन्ही पायांनी, कारण माझ्यावर कोणी प्रयोग करत नाहीये. आठवड्यातून दोनदा वजन उचलते. जिम नाही इथे, तांदळाची दहा किलोची पिशवी आहे. ती छातीशी धरून उठाबशा.

खेळता येत असेल तर सगळ्यात बेस्ट. खो-खो बघा : एकदम सुटणं, एकदम थांबणं, वळणं, सूर मारणं. हाडाला जे जे हवं ते सगळं त्यात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला. लग्नानंतर आपल्याकडे बायकांचं खेळणं थांबतं, ते का थांबावं?

ताटात : तीळ, शेवग्याची पानं, दही-ताक, नाचणी मिळाली तर नाचणी. आणि आमच्याकडच्या तलावातले छोटे मासे, काट्यासकट चावून खायचे. काट्यातच तर कॅल्शियम आहे. शिवाय अंगावर ऊन. दिवसभर खोलीत लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांनो, हे तुम्हाला.

उड्या कोणी मारू नयेत? गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, उडी मारताना लघवी सुटत असेल, गुडघा-कंबर आधीच दुखत असेल, साध्या पडण्याने हाड मोडलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या विदर्भासाठी खास : सिकलसेल असेल तर नक्की विचारा. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, तिथे उड्या घातक ठरतील.

आईचं पुढे काय झालं

प्लास्टर निघाल्यावर आम्ही नागपूरला जाऊन डेक्सा केली, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. हाडं ठिसूळ निघाली. औषध सुरू झालं. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर ही तपासणी मागून घ्या. कोणी सुचवायची वाट बघू नका. पुढचं मोडणारं हाड खुब्याचं असू शकतं.

मग पाळी थांबल्यावर सगळं संपलं का? नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये छापलेल्या प्रयोगात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ असलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जड वजनं उचलली आणि त्यांच्या मणक्यांची हाडं सुधारली. पण ते सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली. घरी आपलं आपण नाही. आई सध्या फिजिओथेरपिस्टने दिलेले खुर्चीतून उठा-बसायचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करते, आणि ताक तिच्या ग्लासात आधी पडतं, भावाच्या नंतर. हा नियम मी केलाय.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "हे मले तुह्या वयात कोणी सांगतलं नाही." मग माझ्या वहिनीला हाक मारली. वहिनी ३१ वर्षांची, दोन लेकरांची आई, लहाना आता चार वर्षांचा झाला. आईने तिला अंगणात उभं केलं आणि म्हणाली, "घाल लंगडी."

आता रोज संध्याकाळी आमच्या अंगणात वहिनी, मी, आणि शेजारच्या दोघी-तिघी लंगडी घालतो. आई ओसरीवर बसून मोजते. पन्नास झाल्याशिवाय कोणाला चहा मिळत नाही.

तर मंडळी, आजचं एवढंच. हा भाग तुमच्या बहिणीला, मैत्रिणीला, वहिनीला पाठवा. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्ये टाकला तरी चालेल. आणि तुमच्या गावात मुली कोणते उड्यांचे खेळ खेळायच्या, त्यांची नावं मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. काळजी घ्या. भेटू.